कळा सुरू असताना बाळाचे ठोके कसे ऐकावेत आणि कसे समजून घ्यावेत

ठोके ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राचा प्रोब पोटावर नेमक्या जागी टेकला, की पळत्या घोड्याच्या टापांसारखा आवाज खोलीभर घुमतो आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाळंतिणीच्या आईच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरतो. “ठोकं हाईत न्हवं, सिस्टर?” असे ती विचारते, सिस्टर मान हलवते, पोटावरची जेली पुसली जाते आणि सगळे पुन्हा पुढच्या कळेची वाट पाहू लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रसूती कक्षांत परिचारिका म्हणून वीसहून अधिक वर्षे काम करताना हे मी रोज पाहिले आहे, आणि पहिली काही वर्षे मान हलवून पुढच्या खाटेकडे जाणारी सिस्टर मीच होते. परंतु ठोके आहेत एवढे कळणे वेगळे आणि बाळ कळा सोसू शकते आहे का हे कळणे वेगळे. त्यासाठी ठोके कधी ऐकायचे, किती वेळ ऐकायचे, सोबत काय तपासायचे आणि काय लिहून ठेवायचे याची एक पद्धत आहे. बाळंतिणीसोबत राहणाऱ्या आईला, सासूला, बहिणीला किंवा नवऱ्याला ती ठाऊक असावी आणि नव्याने रुजू झालेल्या सिस्टरच्या हातात ती पहिल्या दिवसापासून बसावी, म्हणून हे लिहीत आहे.

कळ आणि ठोके यांचे नाते

कळ येते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू घट्ट आवळतो आणि वारेकडे (प्लॅसेंटाकडे) रक्त नेणाऱ्या वाहिन्या त्यात दाबल्या जातात, त्यामुळे तेवढा वेळ बाळाला मिळणारा प्राणवायू कमी होतो. कळ ओसरली की वारेत ताजे रक्त पुन्हा भरते. पंचगंगेच्या घाटावरून सूर मारणारे पोर जसे श्वास रोखून खाली जाते आणि वर आल्यावर छाती भरून श्वास घेते, तसेच बाळ प्रत्येक कळेत बुडी मारते आणि दोन कळांच्या मधल्या वेळात सावरते. भरल्या अंगाचे, पुरे दिवस भरलेले बाळ अशा शेकडो बुड्या सहज मारते. ज्याची वाढ पोटातच खुंटली आहे, ज्याच्या आईचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ज्याला सावरायला पुरेसा वेळच मिळत नाही, त्याची मात्र दमछाक होते, आणि ती आपल्याला कळण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे हृदयाचे ठोके.

यातूनच पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. दमलेल्या बाळाचे ठोके बहुधा कळेच्या ऐन भरात उतरू लागतात आणि कळ ओसरून गेल्यावरही काही वेळ खालीच राहतात. दोन कळांच्या मधल्या निवांत क्षणी प्रोब ठेवला, तर तोवर ते वर आलेले असतात आणि आपल्याला १४० असा छान आकडा मिळतो. त्या आकड्यात काहीही खोटे नसते, तरी तो फसवतो. म्हणून ठोके कळ चालू असताना ऐकायला सुरुवात करावी आणि कळ संपल्यावर किमान ३० सेकंद ऐकत राहावे, एकूण किमान एक पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय आमच्यापैकी अनेकींना असते, मलाही होती. ती सोडावी, कारण उतरून पुन्हा चढलेला ठोका त्या पंधरा सेकंदांच्या बाहेर निसटून जातो.

हात कुठे, प्रोब कुठे

ठोके शोधत पोटभर प्रोब फिरवण्याआधी पोट हाताने तपासावे. एका बाजूला सलग, कडक, गुळगुळीत लागते ती बाळाची पाठ, आणि दुसऱ्या बाजूला हाताला टोचतात ते हातपाय. ठोके पाठीकडून, खांद्याच्या जवळ सर्वांत स्पष्ट ऐकू येतात. डोके खाली असेल तर ही जागा साधारणपणे बेंबीच्या खाली डावीकडे किंवा उजवीकडे सापडते. पायाळू बाळाचे ठोके बेंबीच्या पातळीला किंवा तिच्या वर मिळतात. कळा वाढत जातात तसे बाळ खाली सरकते आणि वळते, त्यामुळे सकाळी सापडलेली जागा दुपारी तीच राहील असे नाही. ठोके जघनाच्या हाडाकडे आणि मधोमध सरकत गेले, तर बाळ खाली उतरत असल्याची ती चांगली खूण असते.

बाळंतिणीला उताणे झोपवून ठेवू नये. पाठीवर झोपल्यावर भरलेले गर्भाशय मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब टाकते, आईचा रक्तदाब उतरतो आणि बाळाकडे जाणारे रक्तही कमी होते. म्हणजे तपासण्यासाठी घेतलेल्या स्थितीनेच ठोके बिघडू शकतात. डॉप्लरने ठोके बसून, कुशीवर, उभे राहून, कसेही ऐकता येतात. दर वेळी खाटेवर चढून उताणे व्हायला सांगितले जात असेल, तर सोबतीणीने नम्रपणे “कुशीवर ऐकता येतील का?” असे विचारावे.

प्रोब टेकवताना दुसऱ्या हाताची बोटे आईच्या मनगटावर हवीत. बाळाचे ठोके आणि आईची नाडी एकाच वेळी मोजून दोन्ही आकडे वेगळे आहेत याची खात्री करणे ही या साऱ्या पद्धतीतली सर्वाधिक टाळली जाणारी पायरी आहे, आणि ती टाळल्याची किंमत मी स्वतः पाहिली आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी रात्रपाळीला माझ्याकडे एक पहिलटकरीण होती. पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता, अंगात ताप होता. डॉप्लरवर १२८ आले, मी १२८ लिहिले. अर्ध्या तासाने पुन्हा १२६ आले, तेही लिहिले आणि तिच्या आईला सांगितले, की ठोके छान आहेत. तेवढ्यात एक वडीलधाऱ्या सिस्टर आल्या, त्यांनी काही न बोलता मुलीच्या मनगटावर बोटे ठेवली आणि डॉप्लरच्या आवाजाबरोबर मान हलवू लागल्या. तो आवाज तापाने धावणाऱ्या आईच्या नाडीचा होता. प्रोब दोन बोटे खाली सरकवला, तेव्हा बाळाचे खरे ठोके लागले, ते ८५ होते आणि वर येत नव्हते. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडले होते म्हणून डॉक्टरांना व्हॅक्यूम लावून बाळ लगेच काढता आले. ते रडले नाही. पिशवी आणि मास्कने श्वास द्यावा लागला, आणि दोन मिनिटांनी त्याने जो बारीक आवाज काढला तो मला अजून ऐकू येतो. बाळ वाचले, पण “छान आहेत” हे माझे शब्द मी परत घेऊ शकत नाही. त्या रात्रीनंतर मनगटावर बोटे ठेवल्याशिवाय मी एकदाही आकडा लिहिलेला नाही.

हे असे का होते, तेही समजून घ्यावे. डॉप्लर हालचाल टिपतो आणि तिच्यावरून आवाज तयार करतो, त्यामुळे आईच्या मोठ्या रक्तवाहिनीतला प्रवाहही तो तितक्याच ठळकपणे ऐकवतो. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ अडॉल्फ पिनार्ड यांनी १८९५ मध्ये आणलेल्या लाकडी नळीतून मात्र हृदयाचा प्रत्यक्ष आवाज येतो, घड्याळ उशीखाली ठेवल्यावर ऐकू यावे तसा. त्या नळीला वीज लागत नाही, सेल लागत नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात रात्ररात्र वीज जाते तेव्हा तिची किंमत कळते. ती वापरायला कान तयार व्हावा लागतो. नव्या सिस्टरनी तो तयार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

किती वेळाने, आणि कोणता आकडा बरा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसूती काळजीचा जो तक्ता दिला, त्यात गर्भाशयाचे तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून नोंदी सुरू होतात. निरोगी बाळंतिणीचे ठोके त्या टप्प्यात दर ३० मिनिटांनी आणि तोंड पूर्ण उघडून जोर करण्याची वेळ आली की दर ५ मिनिटांनी ऐकावेत असे त्यात आहे. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वे पहिल्या टप्प्यातही दर १५ मिनिटांनी ऐकायला सांगतात. आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या पार्टोग्राफवर, म्हणजे कळांच्या प्रगतीच्या नोंदतक्त्यावर, अर्ध्या तासाचे चौकोन असतात. माझे मत असे आहे, की अर्धा तास ही शेवटची मर्यादा मानावी आणि जमेल तिथे पंधरा मिनिटांनी ऐकावे. जोर करण्याच्या टप्प्यातली पाच मिनिटे मात्र कोणत्याही कारणाने लांबवू नयेत, कारण बाळावर सर्वाधिक ताण त्याच टप्प्यात येतो आणि खोलीतली सगळी माणसे नेमकी त्याच वेळी “जोर कर, जोर कर” म्हणण्यात गुंतलेली असतात.

याखेरीज पाणमोट फुटल्यावर, कळा वाढवण्याचे औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर, रक्त गेल्यास आणि आतून तपासणी झाल्यावर लगेच एकदा ऐकावे. पाणमोट फुटताना पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली येऊ शकते, आणि ते कळण्याची पहिली खूण अनेकदा एकाएकी उतरलेले ठोकेच असतात.

मिनिटाला ११० ते १६० ठोके हा पुऱ्या दिवसांच्या बाळाचा सामान्य पल्ला आहे. पूर्वी १२० ते १६० शिकवत असत, त्यामुळे एखादी अनुभवी आजी किंवा सिस्टर ११५ ऐकून दचकली तर तिला दोष देऊ नये. केवळ आकडा पल्ल्यात आहे म्हणून निश्चिंतही होऊ नये. सकाळपासून १२५ असलेले ठोके ताप नसताना हळूहळू १५५ वर चढले, तर तो आकडा पल्ल्यातला असूनही बदल मोठा आहे, आणि तो कागदावर ओळीने लिहिलेला असेल तरच दिसतो. आपल्या बाळाचे नेहमीचे ठोके किती, हे सोबतीणीने दाखल होतानाच विचारून आपल्या वहीत लिहून ठेवावे.

बाळाने पोटातच शी केल्याने पाणी हिरवे आले, तर घाबरून सिझरचा आग्रह धरू नये. पुऱ्या दिवसांच्या किंवा दिवस उलटलेल्या बाळांमध्ये हे बऱ्याचदा घडते. परंतु पाणी दाट हिरवे, वरणासारखे असेल, किंवा हिरव्या पाण्याबरोबर ठोकेही बदलत असतील, तर आता अर्ध्या तासाने ऐकून भागणार नाही, सतत नजर हवी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ठोके जलद असले तर मुलगी आणि सावकाश असले तर मुलगा, हा समज डोहाळजेवणापासून प्रसूती कक्षाच्या दारापर्यंत आपला पाठलाग करतो. ठोक्यांचा आणि लिंगाचा काहीही संबंध नाही. ज्या जिल्ह्याला मुलींच्या घटत्या संख्येमुळे सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवण्याची व्यवस्था उभारावी लागली, त्या जिल्ह्यात हा प्रश्न थट्टेनेही विचारू नये, आणि सिस्टरने त्याचे उत्तर हसूनही देऊ नये.

पट्टा लावून काढलेला आलेख

पोटाला दोन पट्टे बांधून जे यंत्र लावतात त्याला सीटीजी म्हणतात. आपल्याकडे बरेच लोक त्याला एनएसटी म्हणतात, पण ते कळा सुरू होण्यापूर्वीच्या तपासणीचे नाव आहे. वरचा पट्टा कळा टिपतो, खालचा ठोके टिपतो, आणि सरकत्या कागदावर वर ठोक्यांची व खाली कळांची रेघ उमटते.

हा कागद हातात आला तर आधी त्यावरचे नाव, तारीख आणि वेळ पाहावी, मग कागदाचा वेग पाहावा. काही यंत्रे मिनिटाला १ सेंटीमीटर कागद सरकवतात, काही ३ सेंटीमीटर, आणि वेग बदलला की तोच आलेख अगदी निराळा दिसतो. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवलेल्या बाळंतिणीचा कागद वाचताना अनुभवी डोळेही इथे चुकलेले मी पाहिले आहेत. त्यानंतर ठोक्यांची मुख्य रेघ कोणत्या आकड्याभोवती आहे, ती किती थरथरते आणि कळेच्या डोंगराबरोबर ती कुठे जाते, या तीन गोष्टी पाहायच्या. रेघ करवतीच्या दातांसारखी ५ ते २५ ठोक्यांच्या पल्ल्यात वरखाली होत असेल, तर बाळाचा मेंदू आणि हृदय यांचा संवाद नीट चालू आहे. १५ ठोक्यांनी वर जाऊन किमान १५ सेकंद टिकणारे उंचवटे दिसले, तर ती आणखी दिलासा देणारी गोष्ट. रेघ सपाट झाली तरी लगेच धीर सोडू नये, कारण पोटातले बाळ झोपते आणि त्याची झोप ४० मिनिटांपर्यंतही चालते. त्याहून अधिक काळ ती सपाट राहिली तर कारण शोधावे लागते.

ठोके उतरल्यावर रेघेत पडणारे खोलगे तीन प्रकारचे असतात. कळेबरोबर सुरू होऊन कळेबरोबरच संपणारा, उथळ खोलगा डोक्यावर पडणाऱ्या दाबाने येतो आणि सहसा निरुपद्रवी असतो. इंग्रजी व्हीसारखा झपकन खाली जाऊन झपकन वर येणारा, दर वेळी निराळ्या आकाराचा खोलगा नाळ दाबली गेल्याने येतो. बऱ्याच बाळंतपणांत तो दिसतो आणि कुशी बदलल्याने अनेकदा कमी होतो. कळ भरात आल्यावर सावकाश सुरू होणारा आणि कळ गेल्यावर सावकाश भरून येणारा, प्रत्येक कळेमागे परत येणारा खोलगा वारेतून प्राणवायू पुरेसा मिळत नसल्याचे सांगतो. असा खोलगा पुन्हा पुन्हा येत असेल आणि रेघही सपाट झाली असेल, तर वेळ दवडण्याजोगा नसतो.

यंत्र कोणाला सतत लावावे, याबद्दल फारसा वाद नाही. रक्तदाब वाढलेला असणे, बाळाची वाढ कमी असणे, आधीचे सिझर असणे, जुळी, दिवस अपुरे असणे, ताप, रक्तस्राव, दाट हिरवे पाणी आणि कळा वाढवण्याचे औषध चालू असणे, अशा वेळी ते लावावे. निरोगी बाळंतिणीला आपोआप कळा आल्या असतील, तर मात्र सतत सीटीजी लावू नये आणि दाखल होताना नेमाने तो काढूही नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत म्हटले आहे. यामागे मोठा पुरावा आहे. सतत सीटीजी आणि ठरावीक वेळाने कानाने ऐकणे यांची तुलना करणारे १३ अभ्यास आणि ३७,००० हून अधिक स्त्रिया यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. सतत यंत्र लावलेल्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचे प्रमाण साधारण निम्मे झाले, ही जमेची बाजू. बाळांच्या मृत्यूंत किंवा सेरेब्रल पाल्सीत (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम होण्यात) स्पष्ट फरक दिसला नाही, आणि सिझरचे प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांनी वाढले. सेरेब्रल पाल्सीची बहुतेक कारणे कळांच्या काही तासांत घडलेली नसतात, त्याआधीची असतात. म्हणून आलेख कितीही बारकाईने पाहिला तरी ती सगळी टळत नाहीत.

हे आकडे सांगताना एक गोष्ट वगळली जाते, ती मला फार महत्त्वाची वाटते. त्या अभ्यासांत कानाने ऐकणे म्हणजे खरोखर वेळेवर ऐकणे होते. यातला सर्वांत मोठा अभ्यास डब्लिनला सुमारे १३,००० स्त्रियांवर झाला, तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तिथे प्रत्येक बाळंतिणीपाशी एक परिचारिका शेवटपर्यंत असे. आपल्याकडे एका सिस्टरकडे एकाच वेळी चार-पाच जणी कळांत असतात. तेव्हा पट्टा बांधून ठेवलेले आणि कोणी न वाचलेले यंत्र जसे कामाचे नाही, तसेच तीन तासांत एकदा ऐकलेले ठोकेही कामाचे नाहीत. यावर माझ्या हातात असलेला उपाय म्हणजे सोबतीण. सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूती कक्ष सुधारण्यासाठी सुरू केलेल्या लक्ष्य कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबत राहणारी व्यक्ती असण्याला स्थान आहे. ती आत असेल आणि तिच्याकडे घड्याळ असेल, तर “सिस्टर, मघाशी ऐकून अर्धा तास झाला” एवढे वाक्य ती बोलू शकते. ते वाक्य ऐकून मला कधीही राग आलेला नाही.

ठोके उतरले तर

ठोके ११० च्या खाली गेले किंवा कळेनंतर वर येईनासे झाले, तर सर्वांत आधी पुन्हा आईची नाडी पाहून ते बाळाचेच आहेत याची खात्री करावी आणि तिला डाव्या कुशीवर वळवावे. डाव्या कुशीने फरक पडला नाही तर उजव्या. कळा वाढवण्याचे औषध चालू असेल तर ते त्याच क्षणी बंद करावे. दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येत असतील, तर बाळाला सावरायला वेळच मिळत नाही आणि पुष्कळदा औषध बंद करणे हाच खरा इलाज ठरतो. रक्तदाब उतरला असेल तर सलाईन लागते, नाळ खाली आली आहे का हे आतून तपासावे लागते, कळा सैल करणारे इंजेक्शन द्यावे लागू शकते. आईला ऑक्सिजनचा मास्क लावण्याची जुनी सवय आता नेमाने पाळण्याची शिफारस नाही. आईला स्वतःला गरज असेल तरच तो लावतात. एकीकडे हे करताना तीन मिनिटांत ठोके वर आले नाहीत, तर डॉक्टरांना बोलावणे आणि शस्त्रक्रियेची तयारी सुरू करणे यात वाट पाहायची नसते.

नातेवाइकांनी अशा वेळी काय करावे, हे आधीच ठरलेले असावे. “ठोके कमी झाले आहेत, सिझर करावे लागेल” हे वाक्य ऐकून अनेक घरांत आधी संशय येतो, आणि तो अगदी निराधार असतो असेही मी म्हणणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खाजगी दवाखान्यांतल्या ४७.४ टक्के आणि सरकारी दवाखान्यांतल्या १४.३ टक्के प्रसूती सिझरने झाल्याचे दिसले. संशयाचे रूपांतर प्रश्नांत करावे. ठोके किती आहेत, किती वेळ तसे आहेत, कळ गेल्यावर वर येतात का, कुशी बदलून आणि औषध थांबवून फरक पडला का, हे चार प्रश्न एका मिनिटात विचारून होतात आणि ज्यांनी नीट नजर ठेवली आहे त्यांच्याकडे यांची उत्तरे तयार असतात. मात्र डॉक्टरांनी नाळ बाहेर आली आहे किंवा ठोके वर येतच नाहीत असे सांगितले, तर प्रश्न नंतर, आधी सही.

नाळ घरी किंवा वाटेत बाहेर आली, तर तिला हात लावू नये, आत ढकलू नये. बाईला कोपर आणि गुडघ्यांवर ओणवे करून कंबर उंच ठेवावी, म्हणजे बाळाच्या डोक्याचा दाब नाळेवरून हटतो. गाडीत तसे राहणे शक्य नसेल तर डाव्या कुशीवर निजवून कमरेखाली उशा द्याव्यात आणि १०८ ला फोन करताना “नाळ बाहेर आली आहे” हेच शब्द वापरावेत.

आपल्या जिल्ह्याचा विचार

ठोके नीट ऐकून बाळ दमल्याचे कळले, तरी सिझरची सोय दोन तासांवर असेल तर त्या कळण्याचा उपयोग अर्धाच राहतो. कोल्हापूर शहरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) आहे, इचलकरंजी आणि गडहिंग्लजला मोठी सरकारी रुग्णालये आहेत. पण चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवरून तिथवर पोचायला वेळ लागतो. ज्यांना सतत यंत्र लावण्याची गरज पडेल असे वर सांगितले, त्यांनी कळा सुरू होण्याची वाट न पाहता नवव्या महिन्यातच रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले ठिकाण ठरवावे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरत असतील तर आणखी काळजी घ्यावी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांना इशाऱ्याची आणि ४३ फुटांना धोक्याची मानतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ आणि करवीरमधल्या कित्येक गावांचे रस्ते पाण्याखाली गेले, आणि गगनबावड्याचा रस्ता तर मांडुकलीजवळ पाण्याने बंद होतोच. आशाताईंच्या यादीत आपले नाव आणि तारीख आहे ना, हे जूनमध्येच विचारावे, आणि पाणी चढू लागले की इशाऱ्याच्या पातळीची वाट न पाहता बाळंतिणीला पलीकडच्या नातेवाइकांकडे हलवावे. सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझर आणि तिथवरची ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने कोणीही उशीर करू नये.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे, आणि त्यात फाईल सासरी राहून जाते. रक्तदाबाच्या नोंदी, बाळाच्या वाढीची सोनोग्राफी आणि रक्तगट पाहिल्याशिवाय कोणाला यंत्र लावायचे आणि कोणाला कानाने ऐकून चालेल हे ठरवता येत नाही. म्हणून माहेरी निघताना साड्यांच्या आधी फाईल पिशवीत घालावी. घरी ठोके ऐकण्यासाठी मिळणारे छोटे डॉप्लर किंवा मोबाईलवरची ॲप्स घेऊ नयेत. आईच्या नाडीलाच बाळाचे ठोके समजून निर्धास्त राहिल्याने दवाखान्यात यायला उशीर होतो. बाळ नेहमीपेक्षा कमी हलते आहे असे वाटले, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, दवाखान्यात जावे. कळा जवळ आल्या की बाळ शांत होते हे खरे नाही.

बाळ आल्यावर ते कधी रडले, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याचा अपगार (बाळाच्या तब्येतीला दिलेले दहापैकी गुण) किती होता आणि श्वास द्यावा लागला का, हे विचारून मायलेकरांच्या कार्डावर लिहून घ्यावे. सीटीजी काढला असेल तर त्याची प्रत मागावी. तो कागद उष्णतेने उमटणारा असतो आणि काही महिन्यांत पुसट होत जातो, म्हणून नाव, तारीख आणि कागदाचा वेग दिसेल असा त्याचा फोटो त्याच आठवड्यात काढून ठेवावा, आणि पुढच्या खेपेच्या पहिल्या तपासणीला तो सोबत न्यावा.